जुन्या चित्रफिती रुंद पडद्यावर: ताणू नका, आंधळेपणाने कापू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाची तयारी सुरू झाली की इंदूरच्या मराठी मंडळांच्या बैठकीत हल्ली एक कार्यक्रम हमखास ठरतो. जुन्या कॅसेटी डिजिटल करून घ्यायच्या आणि एका संध्याकाळी मोठ्या पडद्यावर दाखवायच्या. मंडळाची नाटके, नाट्यसंगीताच्या बैठका, अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झाँक्या (ट्रकांवरचे देखावे), रंगपंचमीची गेर (रंग-गुलालाची मिरवणूक), या सगळ्यांची व्हीएचएस, हाय-एट आणि मिनी डीव्हीवरची चित्रणे घरोघरी कपाटांत पडून आहेत. ती बाहेर येताहेत हे चांगलेच. पण पडद्यावर जे दिसते ते पाहवत नाही. एक तर सगळी माणसे आडवी सुजलेली, नाहीतर गणपतीचा मुकुट वरून कापलेला आणि नर्तकीचे घुंगरू खालून गेलेले. दोन्हींचे मूळ एकच: पडदा काठोकाठ भरलाच पाहिजे हा हट्ट. आयोजक, घरच्या घरी एडिटिंग करणारी तरुण मंडळी आणि प्रोजेक्टर भाड्याने देणारे, या तिघांच्याही उपयोगी पडतील असे काही तपशील आपल्या वृत्तपत्रातून मांडू इच्छितो. पत्र लांबले आहे, पण या विषयात अर्धवट माहितीनेच घोटाळे होतात.

आधी मापे. त्या काळचा टीव्ही आणि कॅमेरा ४:३ मापाचा, म्हणजे चार भाग रुंदीला तीन भाग उंची. आजचे बहुतेक प्रोजेक्टर आणि टीव्ही १६:९ चे. एचडीची चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची असते. तिच्यात ४:३ चित्र पूर्ण उंचीने ठेवले तर ते १४४० पिक्सेल रुंद होते आणि डावी-उजवीकडे २४०-२४० पिक्सेल काळे राहतात. सभागृहाच्या हिशेबात सांगायचे तर १६ फूट बाय ९ फूट पडद्यावर मधोमध १२ बाय ९ फुटांचे चित्र पडते आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट काळे. हे दोन-दोन फूट आयोजकांना खुपतात. सोळा फुटांच्या पडद्याचे भाडे दिले, मग चित्र बाराच फूट का, असा प्रश्न येतो. पण ते उरलेले चार फूट कॅमेऱ्याने टिपलेलेच नाहीत, त्यामुळे ते भरायचे म्हणजे चित्राला काहीतरी इजा करणे आलेच. कोणती इजा कुठे चालेल आणि कुठे नाही, एवढाच काय तो विचार करायचा असतो.

ताणणे कुठेच चालत नाही. रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते, उंची तेवढीच राहते. चेहरे पसरतात, तबल्याचे तोंड लंबगोल होते, उंच माणूस बुटका दिसतो. बऱ्याचदा हे कोणी मुद्दाम केलेले नसते. प्रोजेक्टरच्या मेनूत आधीच्या कार्यक्रमाची 'फुल' किंवा '१६:९' ही निवड तशीच राहिलेली असते आणि तो येईल ते चित्र चौकटभर ओढतो. काही टीव्ही आणि प्रोजेक्टरांत 'पॅनोरमा' नावाची चलाख सोय असते. ती मधला भाग जवळजवळ तसाच ठेवते आणि फक्त कडा ताणते. स्थिर मुलाखतीत ते खपून जाते. मिरवणुकीत कॅमेरा फिरू लागला की तोच माणूस कडेने जाड आत येतो, मध्यावर सडपातळ होतो आणि दुसऱ्या कडेने पुन्हा फुगून बाहेर पडतो. गेरच्या चित्रणाला ही सोय लावून पाहावी, हसून पुरेवाट होते.

कापणे, म्हणजे क्रॉप, हा दुसरा मार्ग. भारतात दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झाले ते पाल पद्धतीने आणि आपल्याकडची घरगुती चित्रणेही पालचीच: सेकंदाला २५ फ्रेम, डिजिटल केल्यावर ७२० बाय ५७६ पिक्सेल. १६:९ चौकट पूर्ण भरायची तर पिक्सेलच्या ५७६ आडव्या ओळींपैकी ४३२ च राहतात. वरच्या ७२ आणि खालच्या ७२ गेल्या, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या हँडीकॅमची कॅसेट असेल तर ती एनटीएससी या तिकडच्या पद्धतीची, मुळातच ४८० ओळींची. तिच्या ३६० उरतात.

नुकसान फक्त कापलेल्या भागाचे नाही, उरलेला भागही विटतो. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. ५७६ ओळी १०८ इंचांत बसवल्या तर एका ओळीच्या वाट्याला पाव इंचाहूनही कमी, नेमके सांगायचे तर ०.१८७५ इंच येतात. ४३२ ओळी बसवल्या तर पूर्ण पाव इंच. निरोगी डोळ्याची सर्वसाधारण क्षमता धरली तर पहिल्या चित्रातल्या ओळी सुमारे ५४ फुटांवरून एकमेकींत मिसळतात, दुसऱ्यातल्या मिसळायला सुमारे ७२ फूट लागतात. म्हणजे पुढच्या आणि मधल्या रांगांतल्या लोकांना कापलेले चित्र सरळसरळ अधिक भरड दिसते. त्यात व्हीएचएसची आडवी स्पष्टता मुळातच सुमारे २४० रेषांची. तिला मोठे केल्याने तपशील वाढत नाहीत, डाग वाढतात.

तरीही कापण्याला आमचा सरसकट विरोध नाही. सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी तिपाई लावून घेतलेले नाटकाचे चित्रण पाहा. वर झालरीचा आणि अंधाराचा मोठा पट्टा असतो, खाली पुढच्या रांगांतली डोकी. तिथे ७२-७२ ओळी गेल्या तर नाटकाचे काहीच जात नाही, उलट नजर रंगमंचावर राहते. व्हीएचएसच्या तळाशी आठ-दहा ओळींची एक फाटल्यासारखी थरथरती पट्टी असते. व्हीसीआरचे फीत वाचणारे एक हेड संपून दुसरे सुरू होते त्या जागेची ती खूण. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपून जायची, संगणकावर उघडी पडते. ती कापायलाच हवी. पण झाँकीच्या चित्रणात खालून ट्रक आणि वरून देवाचा मुकुट दोन्ही फ्रेमच्या कडेला भिडलेले असतात. राजवाड्यासमोरच्या गेरमध्ये छायाचित्रकाराने खालच्या तीन दगडी मजल्यांपासून वरच्या लाकडी मजल्यांपर्यंत सगळा सात मजली दरवाजा आणि त्याच्याही वर उडालेला गुलाल चौकटीत घेतलेला असतो. अशा दृश्याचा चौथा हिस्सा कापला तर उरते ती नुसती गर्दी. कथक किंवा लावणी असेल तर पाय दिसलेच पाहिजेत, त्यावर चर्चा नको.

म्हणून कापायचे तर एकाच मापाने सगळी फीत कापू नये. प्रत्येक शॉट पाहून चौकट वर-खाली सरकवावी. जवळच्या चेहऱ्याच्या शॉटमध्ये वरून कमी आणि खालून जास्त, उदाहरणार्थ वरून २४ आणि खालून १२० ओळी. डोक्यावर थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे, छातीखालचा भाग गेला तरी बिघडत नाही. गायक आणि पेटीवाला एकाच चौकटीत असतील तर पेटीच्या पट्ट्यांवरची बोटे राखून वरून कापावे. एकाच शॉटमध्ये माणूस बसलेला उठला तर चौकट त्याच्याबरोबर हळूच सरकवता येते. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन की-फ्रेम, म्हणजे चौकटीची आधीची आणि नंतरची जागा सांगणाऱ्या खुणा, टाकून ते जमते. सरकणे इतके सावकाश हवे की प्रेक्षकाला कॅमेरामनच वर पाहतो आहे असे वाटावे. एका तासाच्या नाटकाला असे काम करायला एक पूर्ण दिवस सहज लागतो. तेवढा वेळ नसेल तर कापूच नये.

नावांच्या पट्ट्यांचा प्रश्न वेगळाच. जुन्या काळी पडद्यावरची अक्षरे वरून आणि खालून दहा-दहा टक्के जागा सोडून बसवीत. आपण कापतो वरून-खालून साडेबारा टक्के. हिशेब चुकतो तो अडीच टक्क्यांत, आणि नेमके कलाकाराच्या नावातले खालचे उकार आणि ऋकार उडून जातात. अशा शॉटांत खालची कड न कापता सगळी १४४ ओळींची काट वरून घ्यावी, किंवा ते काही सेकंद पूर्ण ४:३ चित्रच दाखवावे. तिसरा उपाय म्हणजे नाव नव्याने टाइप करून वर बसवणे. ते करताना जुने नाव अर्धवट खाली डोकावत नाही ना, हे तपासावे.

मधला मार्ग १४:९ चा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये टीव्ही रुंद होऊ लागले, तेव्हा बीबीसीने संक्रमणाच्या काळात हे माप बरेच वापरले. पाल चित्राच्या वरून-खालून सुमारे ४१-४१ ओळी काढायच्या. एचडी चौकटीत ते १६८० पिक्सेल रुंद बसते आणि बाजूंना १२०-१२० पिक्सेलच काळे राहतात. पंचवीसऐवजी चौदा टक्के चित्र जाते. आयोजक काळ्या पट्ट्यांना अजिबातच तयार नसतील, तर ही तडजोड सुचवावी. मिरवणुकी आणि लग्नांच्या चित्रणाला ती बऱ्यापैकी सोसते.

आता कामाचा क्रम. इथे बहुतेकांची गाडी अडते, आणि दोष मात्र कॅसेटला दिला जातो. जुने व्हिडिओ चित्र इंटरलेस असते: प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची, एकात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम, आणि दोन्हींच्या वेळेत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर. स्थिर दृश्यात हे कळत नाही. हलणाऱ्या हाताच्या कडेला मात्र कंगव्यासारखे दात दिसतात. हे दात काढण्याआधी चित्र लहान-मोठे केले की दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात आणि मग जगातले कोणतेही सॉफ्टवेअर त्या वेगळ्या करू शकत नाही. म्हणून आधी डीइंटरलेस, म्हणजे हे दात काढणे, मग बाकीचे सगळे.

तेही कसे करायचे याला महत्त्व आहे. साध्या पद्धतीत दोन फील्डांची एक फ्रेम होते, सेकंदाला २५. दुसऱ्या पद्धतीत, जिला बॉब म्हणतात, प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम होते आणि सेकंदाला ५० मिळतात. मूळ कॅसेटमध्ये हालचालीचे ५० क्षण नोंदलेले असतात, त्यातले निम्मे फेकून देण्यात काहीच शहाणपण नाही. नाच, लेझीम, तबलजीची बोटे यांत फरक लगेच दिसतो. एफएफएमपेग या प्रोग्रॅममधले याडिफ किंवा बीडब्ल्यूडीआयएफ हे डीइंटरलेसचे फिल्टर फुकट मिळतात, हँडब्रेक या प्रोग्रॅममध्येही त्याची सोय आहे. ज्यांना संथ संगणकाची चिंता नाही, त्यांनी अॅव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथ या प्रोग्रॅमवर क्यूटीजीएमसी ही डीइंटरलेसची स्क्रिप्ट चालवावी. रात्रभर लागेल, पण कडांची थरथर तीच सर्वांत चांगली आवरते.

फील्डचा क्रम, म्हणजे दोन फील्डांतले कोणते आधी, हा आधी ठरवून घ्यावा. मिनी डीव्हीत खालचे फील्ड आधी येते. व्हीएचएस कॅप्चर कार्डाने घेतली असेल तर पुष्कळदा वरचे आधी. फाइलवर लिहिलेल्या माहितीवर विसंबू नये. ५० फ्रेमची एक छोटी चाचणी फाइल बनवून एकेक फ्रेम पुढे न्यावी. हात दर फ्रेमला पुढेच जात असेल तर क्रम बरोबर. दोन पावले पुढे, एक मागे असे होत असेल तर उलटा.

मिनी डीव्हीची कॅसेट असेल तर ती फायरवायर या डिजिटल तारेने, जशीच्या तशी उतरवावी. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांतून पुन्हा रेकॉर्ड करणे म्हणजे डिजिटलचे अॅनालॉग करून परत डिजिटल करणे. बाजारात सर्रास तेच चालते, कारण फायरवायरचे पोर्ट आता नव्या लॅपटॉपला नसते. व्हीएचएससाठी टाइमबेस करेक्टर, म्हणजे ओळींची वेळ सावरणारी सोय, असलेला व्हीसीआर मिळाला तर उभ्या रेषांची लडबड बरीच कमी होते.

डीइंटरलेस झाल्यावर कडा छाटाव्यात. ७२० पैकी दोन्ही बाजूंचे आठ-आठ पिक्सेल बहुधा काळेच असतात. ते काढले की ७०४ उरतात आणि ७०४ बाय ५७६ चे ते चित्र नेमके ४:३ भरते. कारण पालचा पिक्सेल चौरस नसतो, तो उंचीच्या मानाने १२:११ रुंद धरतात. ७०४ ला १२ ने गुणून ११ ने भागले की ७६८, आणि ७६८ बाय ५७६ म्हणजे ४:३. या पिक्सेलच्या आकाराकडे दुर्लक्ष झाले की एडिटिंगमध्ये ७२० बाय ५७६ चौरस पिक्सेलचे समजून चित्र आत येते आणि माणसे किंचित बारीक दिसतात. ताणलेल्या चित्राइतके ते डोळ्यांत भरत नाही, म्हणून तसेच सुटते. क्लिपच्या गुणधर्मांत 'पाल डीव्ही ४:३' असे स्पष्ट सांगावे. काही कारणाने डीइंटरलेसच्या आधीच कापावे लागले, तर वरून चारच्या पटीतच ओळी काढाव्यात. विषम संख्येने ओळी काढल्या तर फील्डचा क्रम उलटतो, नुसत्या दोन काढल्या तर काही फाइलींत हलत्या कडांचा रंग विस्कटतो.

यानंतर आकार वाढवायचा. अनेकांना वाटते की १०८० च हवे. आमचे मत थोडे वेगळे आहे. ५७६ ओळींच्या मालाला ७२० ओळी पुरेशा आहेत. १२८० बाय ७२० च्या चौकटीत चित्र ९६० बाय ७२० बसते, बाजूंना १६०-१६० काळे. सेकंदाला ५० फ्रेमची १०८० फाइल जुन्या लॅपटॉपवर किंवा प्रोजेक्टरच्या पेनड्राइव्हच्या खाचेत अडखळते, कारण त्यांतले अनेक १०८० मध्ये ३० फ्रेमपर्यंतच पेलतात. ७२० ची ५० फ्रेमवाली फाइल बहुतेक ठिकाणी सरळ चालते. १०८० ला २५ फ्रेम यापेक्षा ७२० ला ५० फ्रेम केव्हाही बरे.

रंगांचे एक कलम असते ते कोणी पाहत नाही. जुन्या व्हिडिओचे रंग ६०१ या मानकाने साठवलेले, एचडीचे ७०९ ने. आकार वाढवताना हे रूपांतरही करावे लागते, नाहीतर लाल आणि हिरवा थोडे सरकतात. गुलाल आणि झेंडूची तोरणे असलेल्या आपल्या चित्रणांत ते खटकते. तसेच व्हिडिओचा काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणकाचा ० आणि २५५ वर. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांत याबद्दल एकमत नसेल तर काळा रंग राखाडी दिसतो किंवा काळ्या शेरवानीच्या घड्याच दिसेनाशा होतात. प्रोजेक्टरच्या मेनूत एचडीएमआय रेंज नावाची ओळ शोधून दोन्हीकडे सारखे करावे.

एडिटिंग सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन पहिल्यांदाच सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर लावावी. काही सॉफ्टवेअर २४ वर उघडतात आणि एकदा क्लिप टाकल्या की बदलू देत नाहीत. मग दर सेकंदाला एक फ्रेम गळून बारीक हिसका बसत राहतो. सिनेमागृहात दाखवण्यासाठी २५ ची फाइल संथ करून २४ वर आणली, तर लांबी चार टक्क्यांनी वाढते आणि सूर उतरतो. नाट्यसंगीताची बैठक असेल तर श्रोत्यांतला कोणीही पेटीवाला सांगेल की स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो आहे. सिनेमागृहासाठीची फाइल २५ फ्रेमची बनवता येते, आधी तेथील ऑपरेटरला विचारून ठेवावे. तिथली सर्वसाधारण चौकट १९९८ बाय १०८० ची, म्हणजे बाजूंना २७९-२७९ पिक्सेल काळे येतील.

एक गोंधळ हमखास होतो तो २००० नंतरच्या हँडीकॅमच्या चित्रणात. काही कॅमेऱ्यांत १६:९ चे बटण होते. त्यातले काही ४:३ चित्राच्याच वर-खाली काळ्या पट्ट्या रंगवायचे, काही मात्र खरोखर रुंद चित्र आडवे दाबून साठवायचे. पहिल्या प्रकारची फीत रुंद चौकटीत नेली की चारही बाजूंनी काळे आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढे चित्र. तिथे वर-खालच्या ७२-७२ ओळी बेधडक कापाव्यात, त्यांत काही नाहीच. दुसऱ्या प्रकारात माणसे लांबुळकी, बारीक दिसतात. तिथे चित्राला हात न लावता फाइलचे माप १६:९ असल्याचे सांगितले की झाले. तेव्हा 'ताणू नका' हे आमचे सांगणे इथे लागू नाही, हे चित्र मुळातच दाबलेले आहे. ओळखायचे कसे? चौकटीत कुठे घड्याळ, चाक, थाळी, कुंकवाचा टिळा दिसतो का ते पाहावे आणि तो गोल आहे का ते मोजावे.

बाजूच्या काळ्या जागेत त्याच चित्राची धूसर, मोठी प्रत भरण्याची टूम सध्या जोरात आहे. मोबाइलवर ती बरी दिसते. सभागृहात दोन-दोन फुटांचे दोन हलते, चमकते पट्टे नजर ओढतात, पडद्यावरचा एकूण उजेड वाढवून मधल्या चित्रातला काळा रंग फिका करतात. मंडळाचे चिन्ह, देणगीदारांची नावे तिथे लावणे हाही तसलाच प्रकार. काळे राहू द्यावे. प्रोजेक्टरचा काळा खरा काळा नसतो, करडा असतो. दोन फूट रुंद, साडेनऊ फूट लांब अशा काळ्या मखमलीच्या किंवा जाड काळ्या पॉपलीनच्या दोन पट्ट्या पडद्याच्या कडांवर सोडल्या की चित्राची कड धारदार होते आणि काळ्या पट्ट्यांबद्दलची तक्रारही बंद होते. खर्च किरकोळ, परिणाम मोठा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने एचडी करून देणारी दुकाने निघाली आहेत. चेहरा पडद्यावर मोठा असेल तर निकाल बरा येतो. मागच्या रांगेतल्या लहान चेहऱ्यांना मात्र ती यंत्रे नवे डोळे-नाक बसवतात आणि फलकांवरच्या देवनागरी अक्षरांचे भलतेच काही होते. ज्यांचे दुसरे एकही चित्रण उरलेले नाही अशा माणसांच्या बाबतीत हा खेळ करू नये. करायचाच तर डीइंटरलेसनंतर आणि मूळ फाइल वेगळी राखून.

कार्यक्रमाच्या दिवशीचे थोडे. एक चाचणी चित्र बनवून ठेवावे: मधोमध मोठे वर्तुळ, चारही कोपऱ्यांत खुणा. ते त्याच लॅपटॉपमधून, त्याच तारेने पडद्यावर टाकून टेपने वर्तुळाची उंची आणि रुंदी मोजावी. दोन्ही सारखी आली पाहिजेत. न आल्यास आधी प्रोजेक्टरचा कीस्टोन (तिरके चित्र सरळ करण्याची सोय) शून्यावर आणावा आणि प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवावा. तिरका ठेवून कीस्टोनने सरळ केलेल्या चित्रात वर्तुळ क्वचितच गोल राहते. मग मेनूतले अॅस्पेक्ट, म्हणजे चित्राचे माप, 'ऑटो' किंवा 'नॉर्मल' करावे. लॅपटॉपचे आउटपुट प्रोजेक्टरच्या मूळ मापाइतके आणि शक्य असेल तर ५० हर्ट्झवर ठेवावे, कारण ६० वर २५ किंवा ५० फ्रेमचे चित्र हिसके देते. कार्यालयांतले पुष्कळ प्रोजेक्टर १२८० बाय ८०० किंवा १९२० बाय १२०० चे, म्हणजे १६:१० चे असतात. त्यांत वर-खाली बारीक काळी पट्टी दिसेल, ती घालवायला कोणी झूम दाबू नये. व्हीएलसी या प्लेअरवरून दाखवणार असाल तर 'ए' कळ माप बदलते, 'सी' कापते आणि 'डी' डीइंटरलेस चालू-बंद करते. अंधारात चुकून दाबल्या जाणाऱ्या याच तीन कळा आहेत. पेनड्राइव्ह फॅट३२ या फॉरमॅटचा असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि एक्सफॅटचा असेल तर काही प्रोजेक्टर तो वाचत नाहीत. दोन्ही जवळ असू द्यावेत.

पडद्याऐवजी एलईडी वॉल घेणाऱ्या मंडळांना तर पट्ट्यांचा प्रश्न मुळातून टाळता येतो. ही भिंत सुट्या चौकोनी खान्यांची असते. नेहमीचे खाने ५०० मिलिमीटरचे चौरस, ३.९१ च्या जातीत (दोन दिव्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर) प्रत्येकात १२८ बाय १२८ दिवे. आठ खाने आडवे आणि सहा उभे लावले की ४ मीटर बाय ३ मीटरची भिंत होते, १०२४ बाय ७६८ दिव्यांची, तंतोतंत ४:३. रुंद भिंतीसाठी दहा बाय सहा, म्हणजे ६० खाने सांगितले जातात; इथे ४८ लागतात. भाडे खान्यांवर किंवा चौरस फुटांवर ठरत असेल तर पैसेही वाचतात. ऑर्डर देताना 'अमुक फूट रुंद' असे न म्हणता 'आठ बाय सहा' असे खानेच लिहून द्यावेत, आणि भिंतीच्या प्रोसेसरमध्ये चित्र न ताणता बसवायला सांगावे. कार्यक्रमात नवी-जुनी दोन्ही चित्रणे असतील तर नव्यांना वर-खाली काळे येईल, तेवढे चालवून घ्यावे.

आपले नम्र,
इंदूरमधील काही व्हिडिओ संकलक आणि प्रोजेक्शनचे काम करणारे